सासऱ्यांचं स्वादुपिंडाचं ऑपरेशन आणि 'ते' इंजेक्शन

प्रश्न : आम्ही सातपूरला राहतो. सासरे ६३ वर्षांचे, निफाड तालुक्यात गावी द्राक्षबाग. मध्यंतरी त्यांना कावीळ झाली. आधी गावातलं झाडपाल्याचं औषध झालं, मग नाशिकला तपासण्या केल्या तर पित्ताची नळी जिथे आतड्यात उघडते तिथे गाठ निघाली. दुर्बिणीतून स्टेंट टाकलाय, कावीळ उतरतेय आणि आता व्हिपलचं ऑपरेशन सांगितलंय. नाशिकचे सर्जन म्हणाले, नंतर स्वादुपिंडातून गळती होण्याचा धोका असतो, त्यासाठी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते 'पोट उघडल्यावर बघू'. दुसरं मत घ्यायला मुंबईला गेलो, तर तिथले म्हणाले, 'आम्ही सगळ्यांनाच देतो.' मिस्टरांचा मामेभाऊ जर्मनीत असतो, तो म्हणतो पासिरिओटाइड नावाचं याहून भारी औषध आलंय, मी पाठवतो. आता आम्ही इथल्या सर्जनकडे आग्रह धरावा का? गळती होऊ नये म्हणून आणखी काही औषध असतं का?

दुसरी अडचण : ऑपरेशननंतर जेवताना घ्यायच्या कॅप्सूल डुकरापासून बनवतात असं कळलं. सासरे माळकरी आहेत, दरवर्षी निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला पायी जातात, घरात अंडंही चालत नाही. मिस्टर म्हणतात, सांगायचं नाही, गुपचूप द्यायच्या. सासूबाईंना ते पटत नाही. आणि सासरे स्वतः म्हणतात, ऑक्टोबर छाटणी उरकल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढू नका.
— एक सून, सातपूर

ताई,

छाटणीचं आधी उरकतो, कारण त्याला फार विचार लागत नाही. स्टेंट टाकल्यावर कावीळ उतरायला सर्जन थोडे आठवडे थांबतात, ते ठीक. त्यापलीकडे बागेसाठी एक दिवसही थांबू नका. छाटणी भाऊबंद करतील, मजूर करतील, फार तर यंदाचा माल थोडा कमी येईल. स्टेंट ही तात्पुरती सोय आहे. तो गाळाने बुजतो, मग थंडी वाजून ताप येतो आणि माणूस ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधीच खचतो. गाठ तर छाटणीची वाट बघत बसत नाही. सासऱ्यांना हे मुलाने सांगून पटणार नाही. सर्जनना सांगा की पुढच्या भेटीत त्यांच्याशी थेट बोला. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं शेतकरी माणूस ऐकतो.

आता इंजेक्शन. मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. असे पेशंट माझ्याकडे ऑपरेशनच्या आधी शुगर-बीपीसाठी येतात आणि डिस्चार्जनंतर फाईल घेऊन परत येतात. तेव्हा आतल्या शिवणकामावर मी बोलणार नाही, पण औषधांवर बोलू शकतो.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, त्याला चिकटलेलं लहान आतड्याचं सुरुवातीचं वळण, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा भाग काढतात, कधी जठराचाही तुकडा. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर हे तिन्ही आतड्याला नव्याने जोडतात. पित्तनळीचा आणि जठराचा जोड सहसा फारसा त्रास देत नाही. स्वादुपिंडाचा देतो. या ग्रंथीतून दिवसाला लिटर-दीड लिटर पाचक रस पाझरतो आणि त्याचं कामच मुळी मांस आणि चरबी पचवणं. जोडातून तो पोटात झिरपला तर आजूबाजूच्या भागाला, अगदी रक्तवाहिनीच्या भिंतीलाही खाऊ लागतो. हीच ती गळती, डॉक्टर फाईलमध्ये तिला फिस्चुला लिहितात. चांगल्या केंद्रातसुद्धा साधारण शंभरातल्या दहा ते वीस जणांना उपचार करावे लागतील इतपत गळती होते. म्हणजे ती झाली तर कुणी हलगर्जीपणा केला असा अर्थ लगेच काढायचा नाही.

ऑक्ट्रिओटाइड हे शरीरातल्याच सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाची प्रयोगशाळेत बनवलेली नक्कल. मूळ संप्रेरक रक्तात दोन-तीन मिनिटांत संपतं, ही नक्कल काही तास टिकते. ती ग्रंथीला रस कमी सोडायला लावते. रस कमी तर जोडावर ताण कमी, असा सरळ हिशोब. साधारणपणे १०० मायक्रोग्रॅम, दिवसातून तीनदा, कातडीखाली, पाच ते सात दिवस.

हिशोब सरळ असला तरी प्रत्यक्षात उत्तर सरळ आलं नाही, आणि तुमचे दोन सर्जन दोन गोष्टी सांगतात त्याचं मूळ इथे आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या मोठ्या चाचण्यांत ऑक्ट्रिओटाइडने गुंतागुंत कमी झालेली दिसली. पण त्या चाचण्यांत सगळ्या प्रकारची स्वादुपिंडाची ऑपरेशनं एकत्र होती. मग अमेरिकेत १९९७ साली ह्यूस्टनला आणि २००० साली बाल्टिमोरला व्हिपलच्या पेशंटवर तपासलं, तर काहीच फायदा दिसला नाही. २०१३ साली कोक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या. निष्कर्ष असा की या गटातल्या औषधांनी एकूण गुंतागुंत कमी होते, पण मृत्यू कमी होत नाहीत. आता यातून एक सर्जन 'सगळ्यांना देतो' म्हणू शकतो आणि दुसरा 'ज्याला गरज त्याला देतो' म्हणू शकतो. दोघंही तेच निबंध वाचून बसलेत.

'पोट उघडल्यावर बघू' हे ऐकून तुम्हाला वाटलं असेल की डॉक्टर टाळताहेत, किंवा पैसे वाचवताहेत. तसं नाही. गळती होण्याचा धोका किती हे ग्रंथी हातात आल्यावरच नीट कळतं. जुन्या सुजेने किंवा गाठीच्या दाबाने ग्रंथी घट्ट झाली असेल तर टाका पकडून राहतो. ती मऊ असेल तर लोण्यात टाका घातल्यासारखं होतं. आतली नळी तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असेल तर धोका वाढतो. गाठ कुठल्या प्रकारची आणि टेबलावर रक्त किती गेलं हेही त्यात धरतात. या चार गोष्टींना गुण देऊन धोका मोजायची पद्धत २०१३पासून वापरात आहे. तुमच्या सासऱ्यांची गाठ नळीच्या तोंडाशी आहे. अशा पेशंटची ग्रंथी बऱ्याचदा मऊ निघते, त्यामुळे त्यांना इंजेक्शन मिळण्याचीच शक्यता जास्त. पण ते सर्जनना ठरवू द्या. तुम्ही हट्ट धरून मिळवलेलं इंजेक्शन काही निरुपद्रवी पाणी नाही. मळमळ, पोटात पीळ, शुगरचा वर-खाली खेळ, नाडी मंद होणं, हे सगळं त्याच्यासोबत येतं. सासऱ्यांना हृदयाच्या ठोक्याची गोळी चालू असेल तर ती फाईलमध्ये ठळक लिहिलेली असू द्या.

जर्मनीच्या मामेभावाला नमस्कार सांगा आणि पार्सल थांबवा. पासिरिओटाइडची बातमी खरी आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात ३०० पेशंटवर चाचणी झाली. ९०० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून सुरू करून आठवडाभर. गंभीर गळती किंवा पू होण्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. तेव्हा साऱ्या जगातल्या सर्जनांचे कान टवकारले. पण ती एकाच रुग्णालयातली चाचणी होती, आणि नंतर इतर ठिकाणी ते वापरलं तेव्हा इतका झगझगीत फरक सगळ्यांना दिसला नाही. शिवाय बऱ्याच पेशंटना इतकी मळमळ होते की डोस मध्येच बंद करावे लागतात. मुळात हे कुशिंगच्या आजाराचं औषध, किंमत डोळे फिरवणारी. ज्या टीमने ते कधी वापरलंच नाही, तिच्या हातात नातेवाइकाने बॅगेतून आणलेल्या कुप्या देणं मला अजिबात पटत नाही. औषध वाटेत नीट राहिलं का, डोसचं काय, शुगर चढली तर काय, याचं उत्तर द्यायला मामेभाऊ वॉर्डात नसेल.

फिनलंडच्या सर्जनांनी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड त्याच कामासाठी तपासलं आहे, ऑपरेशननंतर ग्रंथीला येणारी सूज कमी व्हावी म्हणून. पहिले निकाल चांगले आले. पुढे पासिरिओटाइडशी थेट तुलना केली तेव्हा स्टेरॉइड त्याच्या बरोबरीचं आहे असं सिद्ध झालं नाही. फाईलमध्ये ते नाव दिसलं तर 'स्टेरॉइड का दिलं' म्हणून गोंधळ घालू नका, एवढ्यासाठीच सांगितलं.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते औषध. माझ्या मते तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत ऑक्ट्रिओटाइडपेक्षा त्याचीच चौकशी जास्त करायला हवी. ते म्हणजे भूल देताना दिली जाणारी अँटिबायोटिक. स्टेंट टाकला की आतड्यातले जंतू पित्तनळीत चढून बसतात. ऑपरेशनमध्ये ती नळी कापली की तेच पित्त पोटात सांडतं. बाकीच्या ऑपरेशनांना चालणारी नेहमीची अँटिबायोटिक या जंतूंना पुरत नाही. २०२३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २६ रुग्णालयांत ७७८ व्हिपल पेशंटवरच्या चाचणीचे निकाल आले. नेहमीच्या सेफॉक्सिटिनऐवजी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिल्यावर जखमेच्या जागी जंतुसंसर्ग जवळजवळ ३३ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत खाली आला. गंमत म्हणजे स्वादुपिंडाची गळतीही १९ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आली. चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली, कारण फरक उघड होता. हे औषध आपल्याकडे सगळीकडे मिळतं. तेव्हा सर्जनना एवढंच विचारा, 'स्टेंट आहे म्हणून अँटिबायोटिक वेगळी ठेवणार का? स्टेंटच्या वेळी पित्ताचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, पाठवलं होतं का?' पाठवलं असेल तर तो रिपोर्ट जिथे स्टेंट टाकला तिथून आत्ताच मागवून घ्या.

ऑपरेशनच्या आधी घरात एक झडती घ्या. काविळीचं ते झाडपाल्याचं औषध, काढे, रक्त पातळ करायची गोळी, मधुमेहाची गोळी, तंबाखूची पुडी. जे सापडेल ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. तंबाखू आजपासून बंद. बागेतली फवारणीही बंद.

पोटाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यातली एखादी फुप्फुसात गेली तर धडधाकट वाटणारा माणूस बाथरूमला जाताना कोसळतो. त्यासाठी बेंबीच्या आजूबाजूला रोज एक छोटं इंजेक्शन देतात, एनॉक्सापॅरिन बहुतेक. रुग्णालयात ते मिळतंच. घोळ होतो तो घरी आल्यावर. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे इंजेक्शन आठवड्यानंतर बंद करण्याऐवजी चार आठवडे चालू ठेवलं, तर गुठळ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आलं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ते किती दिवसांचं लिहिलंय ते बघा. लिहिलं नसेल तर विचारा. रक्तस्रावाचा धोका असेल तर सर्जन मुद्दाम ते थांबवतात, तोही निर्णय त्यांचाच. इंजेक्शन कसं टोचायचं हे सिस्टरकडून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी शिकून घ्या. घरात कुणीतरी हे काम ठरवून आपल्याकडे घ्यावं. 'आज मी दिलं का तू' असं झालं की चुकतंच.

जठराच्या नव्या जोडाशी अल्सर होऊ नये म्हणून ॲसिड कमी करणारी गोळी असते. सकाळी उपाशीपोटी. तिच्यावर यापेक्षा जास्त बोलण्यासारखं काही नाही, फक्त 'पित्त तर होत नाही' म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.

आता कॅप्सूल. घरात दोन तट पडलेत ते इथे, आणि मी सासूबाईंच्या बाजूचा आहे.

आधी ती कशासाठी ते सांगतो. अर्धी ग्रंथी गेली, उरलेल्या अर्धीचा रस जोडातून येतो, त्यामुळे बऱ्याच पेशंटना चरबी पचवायला बाहेरून एन्झाइम लागतात. ती कमी पडली तर शौच फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फ्लश करूनही न जाणारी, भयंकर वासाची होते. वजन उतरतं. घरचे काय करतात, तूप-तेल बंद करतात. माणूस आणखी वाळतो. खरं तर तूप चालू ठेवायचं आणि कॅप्सूल वाढवायच्या. कॅप्सूलवर १०,००० किंवा २५,००० असा आकडा असतो, तो त्यातल्या लायपेजचा, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमचा. मुख्य जेवणाला साधारण ४० ते ५० हजारांपासून सुरुवात करतात, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी, आणि पुढे शौचाकडे आणि वजनाकडे बघून डॉक्टर वाढवतात.

घेण्याची वेळ मात्र नव्वद टक्के घरांत चुकते, असं मला माझ्या खोलीत बसून वाटतं. जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवण झाल्यावर पाण्याबरोबर नाही. पहिल्या घासाबरोबर. दोन कॅप्सूल असतील तर एक पहिल्या घासाला, दुसरी अर्ध्या ताटावर. कॅप्सूल चावायची नाही. गिळता येत नसेल तर उघडून दाणे थंड, आंबटसर फळाच्या गरात घालून न चावता गिळायचे, गरम वरणात नाही, गरमीने ती एन्झाइम मरतात. कोऱ्या चहाला लागत नाही, पण दुधाचा ग्लास, पोह्यांवर शेंगदाणे, भजी, यांना लागते. बाटली फ्रिजवर, खिडकीत किंवा बागेत जाणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि मिसळ पहिल्या महिना-दोन महिन्यांत नकोच, कॅप्सूल असो वा नसो.

हो, ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. याला फाटा देणारं दुसरं औषध आज आपल्या मेडिकलमध्ये नाही. पचनाच्या म्हणून ज्या गोळ्या आणि सिरप काउंटरवर मिळतात त्यात बहुतेक बुरशीपासून काढलेलं डायस्टेज असतं. ते पिठूळ पदार्थ पचवतं, चरबीवर त्याचा काही जोर चालत नाही. 'शाकाहारी एन्झाइम' म्हणून कुणी ते दिलं तर ते याची जागा घेणार नाही.

तुमच्या मिस्टरांचं चुकतं कुठे, तर गुपचूप देणं वर्षानुवर्षं जमणार नाही. ही आठवड्याची गोळी नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, बहुधा आयुष्यभर. बाटलीवर छापलेलं असतं, नातू इंटरनेटवर बघतो, मेडिकलवाला सहज बोलून जातो. ज्या दिवशी सासऱ्यांना कळेल त्या दिवशी ते ही कॅप्सूल तर सोडतीलच, पण त्यानंतर तुम्ही हातात ठेवलेली कुठलीच गोळी विश्वासाने घेणार नाहीत. आणि माळ त्यांनी घातलीय, त्यांच्या मुलाने नाही. शरीर त्यांचं, व्रत त्यांचं, तेव्हा निर्णयही त्यांचा.

सांगायचं ते ऑपरेशनच्या आधी, घरी, निवांत. आजारी माणसाला आयसीयूतून बाहेर आल्याआल्या असलं कोडं घालू नका. मी तुमच्या जागी असतो तर आधी सर्जन किंवा फिजिशियनने औषध म्हणून गरज सांगावी असं बघितलं असतं, आणि मग सासऱ्यांनी ज्यांच्या हातून माळ घातली त्या महाराजांशी त्यांना स्वतः बोलू दिलं असतं. आपद्धर्म म्हणून औषधाला मुभा देणारे महाराज माझ्या पाहण्यात आहेत. मुभा मिळेलच असं मी सांगत नाही. पण तुमच्या मिस्टरांनी दहा वेळा सांगण्यापेक्षा त्यांच्या एका वाक्याला सासऱ्यांच्या मनात जागा आहे.

बोलताना सगळंच सांगून टाका, अर्धवट नको. एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. त्याला फोंडापॅरिनक्स हा प्रयोगशाळेत तयार केलेला पर्याय आहे. तो चालेल का हे मूत्रपिंडाचं काम बघून डॉक्टर ठरवतील, पण विचारायला हरकत नाही. कॅप्सूलची टोपणं बहुतेक जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांपासूनची. ऑक्ट्रिओटाइड मात्र पूर्ण कृत्रिम आहे. आणि इन्सुलिन लागलं तर आजचं इन्सुलिन सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतात, पूर्वीसारखं डुकराचं-गायीचं राहिलेलं नाही. हे ऐकल्यावर त्यांना निदान एवढं दिसेल की तुम्ही काही लपवत नाही.

इतकं करूनही ते कॅप्सूलला नाही म्हणाले तर? तर ते नाही म्हणाले. मग आहारतज्ज्ञ थोडं-थोडं वारंवार खाण्याचं वेळापत्रक देतील, लवकर शोषली जाणारी एमसीटी चरबी देतील, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं वरून देतील, दर आठवड्याला वजन. हे कॅप्सूलइतकं चांगलं नाही, पण दोघांचा मान राहतो. वजन घसरत गेलं तर पुन्हा बोलता येईल.

शुगरबद्दल थोडक्यात. ग्रंथीचा भाग गेल्याने मधुमेह नव्याने येऊ शकतो, आणि तो नेहमीच्या मधुमेहासारखा वागत नाही. शुगर वाढवणारं ग्लुकागॉनही याच ग्रंथीतलं, ते कमी पडतं म्हणून इन्सुलिनवर शुगर धाडकन खाली येते. पहिले काही आठवडे १२०-१४०चा अट्टहास करू नका. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की आधी साखर खायला द्या, मग मशीन काढा.

आणखी एक, तुमच्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. स्वादुपिंडाची शेपटी काढताना बऱ्याचदा प्लीहाही जाते. तसं ऑपरेशन ठरलं असेल तर न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब या लशी किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. आपल्याकडे हे वारंवार राहून जातं.

आता गळती रोखायच्या औषधांवर इतका जीव का टाकू नये, ते सांगतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाची ऑपरेशनं करणाऱ्या सगळ्या केंद्रांनी मिळून एक प्रयोग केला, २०२२ साली त्याचे निकाल आले. नवीन औषध एकही नव्हतं. फक्त ऑपरेशननंतर रोज ठरलेल्या गोष्टी तपासायच्या : ताप, नाडी, रक्तातलं सूज दाखवणारं सीआरपी, पोटातून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीतलं पाणी. अमुक दिसलं की वाट न बघता सीटी स्कॅन, तमुक दिसलं की सुई घालून पू काढायचा, अँटिबायोटिक सुरू. एवढ्याने मोठा रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. इंजेक्शनांच्या कुठल्या चाचणीने हे साधलेलं नाही. गळती होणारच काहींना, पण ती कळते कधी यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून सर्जनकडे जाल तेव्हा ऑक्ट्रिओटाइडऐवजी हे विचारा. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? रात्री दोन वाजता पोटातली रक्तवाहिनी फुटली तर मांडीतून नळी घालून ती बंद करणारे रेडिओलॉजिस्ट इथे आहेत का, की मुंबईहून येणार? तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम, तपासता का? रक्तातल्या सामान्य पातळीच्या तिपटीहून ते जास्त निघालं तर गळतीची शंका घेतात. या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही. नाशिकमध्ये आता हे होतं, पण सगळीकडे होत नाही. उत्तरं समाधानकारक नसतील तर मुंबईचा कसारा घाट परवडला. पैशांचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते त्या-त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा, दाखल झाल्यावर नाही.

डिस्चार्जनंतर पहिले तीन आठवडे त्यांना गावी नेऊ नका, सातपूरलाच ठेवा. बागेकडे लक्ष लागलंय, भावकी बोलवतेय, हे सगळं खरं, पण निफाडहून रात्री गाडी काढेपर्यंत जो वेळ जातो तो तुमच्याकडे नसेल. बऱ्याचदा ड्रेनची नळी लावूनच घरी पाठवतात. ते पाणी रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा, रंगही लिहा. सुरुवातीला गुलाबीसर, मग गवती पिवळं, हे चालतं. गढूळ, राखाडी, तपकिरी झालं तर त्याच दिवशी फोन. आणि रक्त दिसलं, अगदी चमचाभर, आणि आपोआप थांबलं, तरी फोन न करता थेट रुग्णालय. तो चमचाभर रक्तस्राव पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची वर्दी असतो, कधी काही तास आधी. थंडी वाजून ताप, काळी शौच, न थांबणारी उलटी, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, बसल्या जागी नाडी ११०-१२०, यांनाही तोच नियम.

जाताना डिस्चार्ज कार्ड, ती वही आणि शेवटचं एनॉक्सापॅरिन किती वाजता दिलं ते लिहिलेला कागद बरोबर घ्या. कॅज्युअल्टीतला नवखा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल.